तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या भीतीवर काम करायचंय, पण समोर बसणार आहेत आईबाबा

बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न हमखास येतो, आणि अलीकडे पस्तिशी-चाळिशीतल्या आयाही तो विचारू लागल्या आहेत: "मुलांची ॲंग्झायटी आणि पालकत्व, याच विषयातली सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. कुठला कोर्स करू?"

या नावाचा, आणि ज्याच्या बळावर नोंदणी मिळेल असा कोर्स आपल्याकडे नाही. आधी पूर्ण क्लिनिकल शिक्षण, मग दोन-तीन वर्षं येईल ती केस बघणं, आणि त्यानंतर ही शाखा, असा क्रम आहे. दोन शनिवार-रविवारांत 'पेरेंटिंग एक्स्पर्ट' करून देणारी प्रमाणपत्रं भरपूर मिळतात. ती भिंतीवर छान दिसतात.

आधी कायद्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. बारावी कुठल्याही शाखेतून चालते. मग मानसशास्त्र घेऊन पदवी, तीन किंवा नव्या धोरणानुसार चार वर्षं, आणि दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. इथवर आलात की मानसशास्त्राचे पदव्युत्तर झालात, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाला नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. ती ढोबळमानाने अशी, की पदव्युत्तर पदवी आणि त्यावर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. हवं, आणि त्यात देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम केलेलं हवं. त्यानंतर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं आणि नंबर मिळतो. बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीची सीआयपी, पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही अशा संस्थांतली ओळखीची नावं. जागा मोजक्या असतात आणि प्रवेश परीक्षा कठीण असते. पहिल्या वर्षी न लागलेलं नाव दुसऱ्या वर्षी लागणं नेहमीचंच आहे.

सध्या मात्र हा रस्ता खणलेला आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. बंद केलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. पुढच्यासाठी आरसीआयने चार वर्षांचं बी.एस्सी. ऑनर्स, क्लिनिकल सायकॉलॉजीतलंच एम.ए. आणि साय.डी., म्हणजे मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट, असे अभ्यासक्रम आणले आहेत. त्यामुळे ताईने किंवा सीनियरने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते विचारून अर्ज भरू नका. तुम्ही अर्ज कराल त्या वर्षीची आरसीआयची मान्यताप्राप्त संस्थांची यादी काढा आणि संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे, या तिन्ही गोष्टी ताडून बघा. जाहिरातीत 'आरसीआयच्या धर्तीवर' असं लिहिलेलं असेल तर तिथे आरसीआय नाही.

क्लिनिकलच करायला हवं असं नाही. समुपदेशनाचं एम.ए. करून शाळेत उत्तम काम करणारी माणसं आहेत. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने शालेय मानसशास्त्राचं शिक्षण वेगळं उभं केलं आहे. पण निदान, चाचण्यांचे अहवाल आणि गंभीर चिंताविकार हातात घ्यायचे असतील तर नोंदणी लागेल. आणि औषध यातलं कोणीच लिहून देत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे एम.डी. झालेल्या डॉक्टरचं काम.

'मला फक्त मुलांचंच करायचंय, मग स्किझोफ्रेनियाच्या वॉर्डात दोन वर्षं कशाला?' हा पुढचा प्रश्न. कारण चिंता म्हणून जे समोर येतं ते दर वेळी चिंता नसतं. समजा, दर सोमवारी सकाळी पोटात दुखणारी नऊ वर्षांची मुलगी आहे. आधी बालरोगतज्ज्ञाकडून पोट तपासून घ्यायचं, थायरॉइड आणि रक्त बघायचं. मग वाचायला लावायचं. तिसरीतली मुलगी जोडाक्षरं गाळत असेल, ओळ सोडत असेल, तर तिच्या भीतीचं मूळ अध्ययन अक्षमतेत असू शकतं. अशा वेळी भीतीवर दहा सत्रं घेऊन काही होत नाही, तिला तपासणी आणि शाळेकडून सवलती लागतात. बुद्धिमत्तेच्या चाचण्या याच टप्प्यावर हाताशी लागतात. आपल्याकडे अजून वापरात असलेली बिने-कामत ही व्ही. व्ही. कामतांनी मुळात मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बेतली होती. आणि कधी कधी सोमवारच्या दुखण्यामागे शाळेच्या बसमधला एखादा माणूस असतो. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग पालक कितीही 'घरातच मिटवू' म्हणोत. हे बघायची नजर जनरल ओपीडीतच तयार होते.

आता खऱ्या विषयाकडे. मुलांच्या चिंतेवरची सर्वांत तपासली गेलेली पद्धत म्हणजे सीबीटी, विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी, आणि तिचा गाभा म्हणजे एक्स्पोजर: मूल ज्याला घाबरतं त्याच्याकडे त्याला पायरीपायरीने न्यायचं. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात फिलिप केंडल यांनी बेतलेला 'कोपिंग कॅट' हा कार्यक्रम १६ सत्रांचा आहे. त्यातल्या पहिल्या आठांत कौशल्यं आणि पुढच्या आठांत प्रत्यक्ष भीतीला सामोरं जाणं असतं. नवशिके पहिल्या आठांतच रमतात. श्वासाचे व्यायाम, रंगीत तक्ते, भावनांची कार्डं, मूल खूश, आईही खूश. दोन महिन्यांनी मूल श्वास सुंदर घेतं आणि शाळेत मात्र जात नाही. एक्स्पोजर टाळणारा बहुतेक वेळा थेरपिस्ट असतो, कारण मुलाला रडताना बघणं त्यालाच जमत नाही. सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाची आपल्या कामावर देखरेख, लागतं ते यासाठी.

औषधाचा तिटकाराही शिकताना सोडून द्यावा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ४८८ मुलांवरच्या मोठ्या चाचणीत नुसत्या सीबीटीने जवळपास ६० टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने ५५, दोन्ही मिळून ८१, आणि बिनऔषधी गोळीवर २४. कधी पाठवायचं हे कळणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

पालक यात कुठे येतात? घाबरलेलं मूल एकट्याने घाबरत नाही, ते घराला कामाला लावतं. एक नमुना घेऊ. आठ वर्षांचा मुलगा, रात्री चोराची भीती. झोपायच्या वेळी विचारतो, "आई, कडी लावलीस ना?" आई म्हणते, लावली. दोन मिनिटांनी पुन्हा. मग बाबा उठून दाखवून येतात. महिन्याभरात प्रश्न पंधरा वेळा होतो, आई त्याच्याजवळ झोपू लागते, बाबा हॉलमध्ये. प्रत्येक उत्तराने दोन मिनिटं बरं वाटतं, आणि त्या दोन मिनिटांतच तो शिकतो की कोणी सांगितल्याशिवाय आपली भीती जात नाही. येल विद्यापीठाच्या एली लेबोविट्झ यांनी यावरच 'स्पेस' ही पद्धत उभी केली. यात थेरपिस्ट मुलाला भेटतही नाही, फक्त आईवडिलांना भेटतो. ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांच्या अभ्यासात बारा आठवड्यांच्या अशा सत्रांचा परिणाम मुलाबरोबर केलेल्या सीबीटीपेक्षा कमी पडला नाही.

कामाचा क्रम असा. पहिला आठवडा नुसती नोंद: कोण, केव्हा, किती वेळा, मुलासाठी काय करतं. यादीतून एकच गोष्ट निवडायची. ती रोज घडणारी हवी, आणि बदलणं आईबाबांच्या हातात हवं. 'त्याने विचारणं बंद करावं' हे त्यांच्या हातात नाही, 'आम्ही एकदाच उत्तर देऊ' हे आहे. मग दिवसाउजेडी, शांत वेळ बघून मुलाला सांगायचं, आणि शब्द आधी कागदावर लिहून घ्यायचे: "रात्री तुला खूप भीती वाटते हे आम्हाला कळतं. आणि ती तुला पेलवते हेही आम्हाला माहीत आहे. म्हणून सोमवारपासून कडीबद्दल रात्री एकदाच सांगू." पहिली दोन्ही वाक्यं लागतात. नुसतं पहिलं म्हटलं तर लाड, नुसतं दुसरं म्हटलं तर दटावणी.

पहिल्या तीन-चार रात्री प्रकरण वाढतं. रडणं, राग, "तू माझी आईच नाहीस". हे आधी सांगून ठेवलेलं नसेल तर आईबाबा दुसऱ्याच रात्री योजना सोडतात. म्हणून त्या आठवड्यात मध्येच एक फोन ठेवायचा. आणि मग आपल्याकडची खास अडचण: आई ओठ मिटून बसलेली असते आणि आतल्या खोलीतून आजी म्हणतात, "लावली रे सोन्या, झोप आता." संपलं. दर वेळी उत्तर मिळण्यापेक्षा अधूनमधून मिळणं वाईट, कारण लॉटरी घेणाऱ्यासारखं मूल पुढच्या खेपेची आशा धरून विचारतच राहतं. परदेशी मॅन्युअलमध्ये आजींसाठी पान नाही. दुसऱ्या सत्राला त्यांना बोलवा, मानाने बसवा, आणि 'तुम्ही बिघडवताय' या सुरात एक अक्षरही बोलू नका. त्यांना काम द्या: प्रश्न आला की "आईला विचार बाळा" एवढंच म्हणायचं. आजोबांना सांगायची जबाबदारीही त्यांचीच. बहुतेक आजी हे सुनेपेक्षा काटेकोर पाळतात.

भाषेचीही तयारी करा. पुस्तकं इंग्रजीत, मूल इंग्रजी माध्यमातलं, आई दोन्ही मिसळून बोलणारी, आजी शुद्ध वऱ्हाडी किंवा मालवणी. मूल 'चिंता वाटते' म्हणत नाही. ते म्हणतं, "पोटात कसंतरी होतं", "छातीत धडधडतं", नाहीतर काहीच म्हणत नाही आणि दप्तर लपवतं. 'स्केअर्ड' या प्रश्नावलीत ४१ विधानं असतात, एक प्रत मूल भरतं आणि एक पालक. २५ किंवा त्याहून जास्त गुण आले तर चिंताविकाराची शक्यता तपासायची. तेवढ्यावर निदान ठोकायचं नाही. दोघांचे आकडे बऱ्याचदा जुळत नाहीत. चूक कोणाची हे शोधत बसू नका, त्या तफावतीवरच पहिलं बोलणं सुरू होतं. आणि तोंडी भाषांतर करत प्रश्न वाचून दाखवलेत तर तसं अहवालात लिहा.

मुलाबरोबर आईबाबांचीही चिंता मोजा. जीएडी-७ या प्रश्नावलीला पाच मिनिटंही लागत नाहीत. सात प्रश्न, २१ पैकी गुण, दहा किंवा त्याहून जास्त आले की त्या पालकाला स्वतःसाठी मदत हवी असण्याची शक्यता बरीच. पालकत्वावर काम करायचं म्हणजे बाळंतिणीही आल्या, आणि तिथे एक फरक चोख यायला हवा. 'माझ्या हातून बाळाला काही होईल' या विचाराने हादरून सुरीला हात न लावणारी आई बहुधा ओसीडीची, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा मनात येण्याच्या विकाराची, रुग्ण असते, आणि तिच्यापासून बाळ तोडणं हा तिच्यावर अन्याय. झोप उडालेली, बाळाबद्दल भलत्याच गोष्टी खऱ्या मानणारी, आणि त्या विचारांची भीतीच न वाटणारी आई मात्र त्याच दिवशी रुग्णालयात पोचायला हवी. हा फरक रीलमधून शिकता येत नाही.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल थोडक्यात. एम.ए. झाल्या झाल्या ऑनलाइन कंपनीसाठी दिवसाला आठ-आठ सत्रं घेऊ नका. पैसे बरे वाटतात, पण चुका कोणी दाखवत नाही आणि त्याच सवयी होऊन बसतात. रुग्णालय, बालमार्गदर्शन केंद्र किंवा ठाण्याच्या आयपीएचसारखी मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था, जिथे आजूबाजूला इतर लोक काम करताना दिसतात, तिथे सुरुवात करा. पालकांसाठीची व्याख्यानं करा, पण पाचशे जणांचं सभागृह डोलतं म्हणून आपल्याला थेरपी येते असं समजू नका.

आणि चाळिशीतल्या आयांसाठी, कारण त्यांना कोणी नीट सांगत नाही. तुमची पदवी वाणिज्य किंवा विज्ञानाची असेल तर मानसशास्त्राच्या एम.ए.ला कुठे प्रवेश मिळतो ते विद्यापीठनिहाय बदलतं. दूरशिक्षणाने एम.ए. करण्याचा सोपा रस्ता आता धरू नका. यूजीसीने २०२५ मध्ये मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम पुढे चालू ठेवायला मनाई केली आहे. एम.ए.ची दोन, क्लिनिकल प्रशिक्षणाची दोन, मधलं एखादं प्रवेश परीक्षेचं, अशी पाच वर्षं धरा, आणि त्यातली प्रशिक्षणाची दोन सकाळी नऊ ते पाच, आठवड्याचे सहा दिवस. घरी ते आधीच स्पष्ट करून घ्या. स्वतःची मुलं वाढवल्याचा अनुभव मुलाखतीत भांडवल म्हणून मांडू नका, तो उलटतो; समोरच्या आईला तुमच्या मुलाची गोष्ट ऐकायची नसते. आणि संस्था निवडताना फी विचारायच्या आधी हे विचारा: आठवड्याला सुपरव्हिजन किती तास, कोणाकडून, आणि माझं सत्र तो माणूस कधी प्रत्यक्ष बघणार की मी सांगेन तेवढंच ऐकणार.