पोकळ गोळे आणि मेगाओहम

गॅस सेन्सरसाठीची (हवेतला वायू ओळखणाऱ्या उपकरणासाठीची) पांढरी पूड भट्टीतून निघाली एकदाची! काल आत ठेवली तेव्हा काळीकुट्ट होती. ग्लुकोजचं पाणी ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) १८० अंशांवर ठेवून कार्बनचे गोळे करायचे, त्यांवर टिनचे आयन (विद्युतभारित अणू) बसवायचे आणि हवेत ५०० अंशांना भाजायचं. आतला कार्बन जळून जातो, टिन ऑक्साइडचं नुसतं टरफल उरतं. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) एक फुटका गोळा दिसला आणि जीव भांड्यात पडला. फुटल्याशिवाय पोकळ आहे हे दिसणार कसं?

दुपारी या पुडीचा लेप इलेक्ट्रोडवर चढवून ३०० अंशांना तापवला. विजेला होणारा रोध मेगाओहममध्ये, म्हणजे दशलक्ष ओहमांच्या घरात. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागाला चिकटून इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो ना, म्हणून. मग इथेनॉलची वाफ सोडली आणि आकडा धाडकन खाली! इथेनॉल त्या ऑक्सिजनला संपवतं, इलेक्ट्रॉन मोकळे होतात. पोकळ गोळ्याला वाफ आतूनबाहेरून भिडते, भरीव कणात आतला माल वायाच. (जपानच्या तागुचींनी १९६०च्या दशकात याच टिन ऑक्साइडचा गॅस सेन्सर केला. आपण अजून त्याच्याच मागे!)

हवा परत सोडल्यावर मात्र रोध वर चढायला फार वेळ घेतोय. उद्या तापमान वाढवून बघते. आणि हवेतला दमटपणा आकडे बिघडवतो त्याचं काय? पावसाळ्यात तो विषयच काढू नका.