उसनवारीतला सेंटर फॉरवर्ड

आमच्या स्वयंपाकघरात स्टीलची एक वाटी आहे, जिच्यावर आमच्या घरातल्या कुणाचेही नाव कोरलेले नाही. वीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या घरातून काहीतरी घालून ती आली, परत करायची राहिली, शेजारी घर बदलून गेले आणि वाटी आमच्याकडेच रुळली. रोज तिच्यात आमटी वाढली जाते, तरीही घासून पालथी घालताना दर वेळी ते परके आडनाव समोर येतेच. फुटबॉलमधल्या ‘लोन’ नावाच्या व्यवहाराविषयी वाचताना मला हटकून ही वाटी आठवते. एक क्लब आपला खेळाडू दुसऱ्याला हंगामापुरता वापरायला देतो. करार मूळ मालकाकडेच राहतो, पगाराचा काही वाटा पुष्कळदा मालकच उचलतो, आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तर असा खेळाडू आपल्या मूळ क्लबाविरुद्ध मैदानात उतरूही शकत नाही. आपल्याकडच्या उसनवारीला एवढे कायदेकानू नसतात, इतकाच काय तो फरक.

ही उसनवारी म्हटली, की माझ्या डोळ्यांसमोर अल्जीरियाचा इस्लाम स्लिमानी उभा राहतो. १९८८ मध्ये अल्जीयर्समध्ये जन्मलेला हा उंच, काहीसा ओबडधोबड स्ट्रायकर विशीत असताना शेरागा या उपनगरातल्या क्लबाकडून देशातल्या खालच्या विभागात खेळत होता. युरोपातल्या अकादमींमध्ये दहाव्या-बाराव्या वर्षी निवडली जाणारी मुले ज्या वयात निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीची चौकशी करू लागतात (थोडी अतिशयोक्ती वाचकांनी गोड मानून घ्यावी), त्या वयात स्लिमानी प्रथमच परदेशी निघाला. त्याआधीची चार वर्षे तो बेलुइझदादकडून खेळला. अल्जीयर्समधला हा जुना कामगार मोहल्ला फ्रेंच अमदानीत बेलकूर म्हणून ओळखला जात असे. तेथून २०१३ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबाने त्याला सुमारे ३ लाख युरोंत घेतले. युरोपच्या त्या बाजारात ही किंमत म्हणजे भाजीबरोबर मागून घेतलेली कोथिंबीर.

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिले ते २०१४ च्या विश्वचषकात, २७ जूनच्या पहाटे. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. घरातले सगळे झोपलेले होते आणि टीव्हीचा आवाज मी पार शून्यावर आणून ठेवला होता. रशियाने सहाव्याच मिनिटाला गोल केला होता आणि अल्जीरियाला बाद फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती. साठाव्या मिनिटाला, आपल्याकडे पावणेतीनच्या सुमारास, डाव्या बाजूने अल्जीरियाच्या ब्राहिमीने फ्री किक मारली. चेंडू गोलपोस्टच्या दूरच्या खांबाकडे वळत गेला, रशियाचा गोलरक्षक अकिन्फेयेव तो अडवायला पुढे आला आणि वाटेतच फसला. स्लिमानी मात्र त्याच्या आधीच हवेत होता. त्याची उडी देखणी मुळीच नव्हती. फळीवरचा डबा काढायला माणूस चवड्यांवर उभा राहून मान ताणतो, तशी ती होती. पण डोके नेमक्या जागी पोहोचले आणि चेंडू जाळ्यात गेला. आवाज बंद असल्यामुळे तो गोल मला निःशब्द दिसला, आणि मीही तोंडावर हात ठेवून ओरडलो. अल्जीरिया प्रथमच विश्वचषकाच्या बाद फेरीत पोहोचला. १९८२ मध्ये पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवूनही, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी शेवटचा सामना दोघांच्याही सोयीच्या निकालावर रेंगाळत संपवल्यामुळे, या देशाला घरी परतावे लागले होते; गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवण्याची पद्धत त्यानंतरच आली. कुरितिबातल्या त्या हेडरच्या मागे बत्तीस वर्षांचा सल होता.

पोर्तुगालमध्ये त्याचे उत्तम चालले होते. २०१५-१६ च्या हंगामात त्याने लीगमध्ये २७ गोल केले आणि स्पोर्टिंगचे विजेतेपद अवघ्या दोन गुणांनी हुकले. लगेच लेस्टर सिटीने, म्हणजे त्याच वर्षी सगळ्यांचे अंदाज धुळीस मिळवून इंग्लंडचा विजेता झालेल्या क्लबाने, त्याला सुमारे ३ कोटी युरो मोजून नेले. तीन वर्षांत भाव शंभरपट झाला. पहिल्याच लीग सामन्यात त्याने बर्नलीविरुद्ध दोन गोल केले, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये लेस्टरने घरच्या मैदानावर खेळलेला पहिलाच सामना त्याच्याच हेडरवर जिंकला. समोर पोर्तुगालचाच पोर्तो क्लब होता, ज्याला त्याने लिस्बनमध्ये असताना पुरेसे छळलेच होते. क्रॉस, म्हणजे मैदानाच्या बाजूने गोलसमोर टाकलेला चेंडू, होता त्याच्याच देशाच्या माहरेझचा.

त्यानंतर मात्र वाटी घरोघर फिरू लागली. लेस्टरचा खेळ वेगवान प्रतिहल्ल्यांचा होता. वार्डीसारखा धावणारा माणूस त्यात शोभे. क्रॉसची वाट पाहत खांबाजवळ उभा राहणारा स्लिमानी तिथे पाहुण्यासारखा वाटे. २०१८ च्या जानेवारीत तो न्यूकॅसलला उसना गेला आणि चार सामन्यांत एकही गोल न करता परतला. पुढच्या हंगामात इस्तंबूलच्या फेनेरबाहचेकडे गेला, तिथे लीगमध्ये १ गोल झाला. मग मोनॅको. इथे त्याच्या शेजारी बेन येदेर हा ठेंगणा, चपळ जोडीदार होता, आणि १८ लीग सामन्यांत स्लिमानीने ९ गोल केले, शिवाय जवळपास तितकेच इतरांना करून दिले. खेळाडू तोच, उडीही तीच. शेजार बदलला होता. त्याला ‘फसलेली खरेदी’ म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. पुरणयंत्रात चकली पाडायला घेतली आणि ती पडली नाही, तर यंत्राला नावे ठेवण्यात काय अर्थ?

पुढची गावे भराभर सांगून टाकतो, कारण तीही भराभरच गेली: ल्याँ, पुन्हा स्पोर्टिंग, ब्रेस्त, अँडरलेख्ट. प्रत्येक क्लबात नवा लॉकर, नवा प्रशिक्षक, नवी भाडोत्री जागा. परका नव्हता तो फक्त राष्ट्रीय संघात. तिथेही पायघड्या नव्हत्या. २०१९ मध्ये अल्जीरिया आफ्रिकेचा विजेता झाला तेव्हा पहिली पसंती बुनेजाहला होती आणि स्लिमानी बहुतेक वेळ बाकावर बसला. टांझानियाविरुद्ध संधी मिळाली, तेव्हा मात्र त्याने गोल केला. २०२१ मध्ये तासफाऊतचा ३६ गोलांचा विक्रम मागे टाकून तो देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. २०२२ च्या मार्चमध्ये कॅमेरूनमध्ये जाऊन त्याने हेडरवरच सामना जिंकून दिला, पण चार दिवसांनी घरच्या मैदानावर जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी गोल खाऊन अल्जीरियाने विश्वचषकाची वाट गमावली.

२०२३ मध्ये त्याला घेतले कोरितिबा या ब्राझिलियन क्लबाने. शहराचे नाव कुरितिबा. क्लबाने मात्र जुने स्पेलिंग जपले आहे. तो २०१४ चा गोल ज्या मैदानावर झाला, ते मैदान गावातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचे, अथलेतिको परानाएन्सेचे. म्हणजे नऊ वर्षांनी हा माणूस आपल्या सर्वांत मोठ्या क्षणाच्या गावी आला, तो नेमका पलीकडच्या आळीत राहायला. त्या वर्षी कोरितिबाची खालच्या विभागात घसरण झाली आणि तो बेल्जियममधल्या मेखेलनला निघून गेला.

२०२४ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो बेलुइझदादला परतला. मला हे वाचून फार बरे वाटले होते. निघाल्या घरी वाटी परत आली, असे मी त्या दिवशी जेवताना सांगितलेही. काही महिन्यांतच तो पुन्हा बेल्जियमला, वेस्टर्लो नावाच्या छोट्या गावच्या क्लबाकडे गेल्याची बातमी आली. “गेला परत,” मी पेपर खाली ठेवत म्हणालो. “कोण?” असे आतून विचारले गेले, आणि पाठोपाठ ओट्यावर वाटी पालथी घातल्याचा आवाज आला.