मैदानाच्या कडेचा माड

१९८४ च्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, एका संध्याकाळी शाळेच्या मैदानाकडेच्या माडावर वीज पडली. दुसऱ्या दिवशी त्याच्या जळालेल्या शेंड्याकडे बोट दाखवून, आठवीत असलेल्या मी विज्ञानाच्या सरांना विचारले की, ही वीज साठवता आली तर आपल्याला कोयनेची गरज उरेल का? वर्ग हसला, सर हसले नाहीत. त्यांनी मला घरचे लाइटबिल आणायला सांगितले.

एका विजेत साधारण १ अब्ज ज्यूल ऊर्जा धरू, असे म्हणत त्यांनी फळ्यावर भागाकार मांडला. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे झाली २७८ युनिटे. आमच्या घरी चार दिवे आणि एक रेडिओ, महिन्याला जेमतेम तीस युनिटे. एका विजेवर नऊ महिने निघतात हे पाहून मी मधल्या सुट्टीभर छाती काढून हिंडलो. सरांनी जाता जाता एवढेच विचारले, "पुढची वीज याच माडावर कधी पडेल, ते उद्या सांग."

पुढे विद्युत अभियांत्रिकी शिकताना कळले की सरांनी त्या दिवशी माझ्यावर दयाच केली होती. त्या अब्ज ज्यूलांपैकी बहुतेक ऊर्जा वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापवण्यात, प्रकाशात आणि गडगडाटात खर्च होते. जमिनीपर्यंत येतो तो थोडासा वाटा. तोही हजारो अँपिअरच्या धारेने, सेकंदाच्या इतक्या लहान अंशात, की कोणतीही बॅटरी तो स्वीकारू शकत नाही, आणि धारित्रांचा (म्हणजे विद्युतभार झटक्यात साठवणाऱ्या कपॅसिटरांचा) अवाढव्य संच उभारलाच तर तो एका तडाख्यासाठी वर्षभर वाट पाहत बसेल. आम्ही मुले शक्ती, म्हणजे ऊर्जा मिळण्याचा वेग, आणि ऊर्जा यांची गल्लत करत होतो (मोठी माणसेही करतात). पूर्ण क्षमतेने, म्हणजे १,९६० मेगावॉटने चालणारी आजची कोयना १ अब्ज ज्यूल अर्ध्या सेकंदात देते.

जगभर दर सेकंदाला सुमारे ४४ विजा चमकतात, त्याही बहुतांश ढगांतल्या ढगांत. त्या सगळ्या पकडल्या तरी ४४,००० मेगावॉट होतात. २०२४ च्या उन्हाळ्यात भारताची कमाल मागणी २,५०,००० मेगावॉट होती. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवरावर वर्षाला दर चौरस किलोमीटरमागे सुमारे २३३ विजा चमकतात, जगात सर्वाधिक. तिथल्या एका चौरस किलोमीटरची वर्षभराची सगळी ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात पन्नास किलोवॉटचे सौर पॅनेल सहज देईल, आणि तेवढे पॅनेल एखाद्या शाळेच्या छपरावर मावते.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले नाही. पुढची दोन वर्षे मी त्या शाळेत होतो. त्या माडावर पुन्हा वीज पडली नाही.