सेकंडहँड लग्झरी एसयूव्ही बघायला जाताय? उजाडायला जावा

गेल्या महिन्यात निपाणीहून मावसभावाचा फोन, "दादा, कोल्हापुरात एक गाडी बघितलोय, सात सीटर जर्मन, नवीन होती तेव्हा ८० लाखाची, आता २२ ला देतो म्हणालाय, उद्या टोकन देऊन टाकू काय?" म्हटलं टोकन खिशात ठेव, आधी मला गाडी दाखव, आणि एजंटला सांग आम्ही सकाळी सहाला येतोय. एजंट म्हणाला अकराला या की, गाडी धुवून तयार ठेवतो. तेच तर नको होतं. धुतलेली, गरम केलेली, दोन राऊंड मारून आणलेली गाडी बघून काही कळत नाही, या गाड्यांची अर्धी दुखणी रात्रभर उभी राहिल्यावर आणि पहिल्या स्टार्टलाच दिसतात.

पोचलो तर गाडी पार्किंगमध्ये उभी आणि मागचा डावा कोपरा बसलेला. टायर आणि मडगार्डच्या मधे उजवीकडं माझी चार बोटं जात होती, डावीकडं एक पण नीट जाईना. बोनेटवर हात ठेवला, गार, म्हणजे आधी कोणी चालू केली नव्हती. चालू केली तशी खालून हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली आणि गाडी बसलेली म्हैस उठते तशी मागून हळूहळू उठली. एजंट म्हणतोय, "साहेब, ऑटो हाईट आहे, तसंच असतंय." तसं नसतंय. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असणारी गाडी चारी बाजूंनी थोडी सारखी उतरली तर एकवेळ ठीक, पण एकच कोपरा बसला म्हणजे तिथं हवा गळतेय, आणि ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा पळतोय, म्हणजे उद्या तोही जाणार. ओरिजिनल पार्ट घातला तर एका कोपऱ्याचा खर्च लाखाच्या घरात. अकराला गेलो असतो तर गाडी चारी पायावर सरळ उभी दिसली असती आणि भावानं टोकन दिलं असतं.

पहिल्या स्टार्टला आवाज पण ऐका, बोनेट उघडं ठेवून. सुरुवातीला एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर तेल वर पोचेपर्यंतची असू शकते, पण साखळी ओढल्यासारखा आवाज तसाच राहिला तर टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या आतली व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी, गेलेली समजा. काही डिझेल इंजिनांत ही चेन मागं गिअरबॉक्सच्या बाजूला असते, बीएमडब्ल्यूचं जुनं एन४७ दोन लिटर त्यातलंच, तिथं नुसती चेन बदलायची म्हटलं तरी केवढं उघडावं लागतंय ते मेकॅनिकला विचारा.

आता पाण्याचं, आणि हे मी पोटतिडकीनं सांगतोय. २०१९ चा आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय, कोल्हापूर-सांगली तर होतंच पण आपल्याकडं बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-निपाणी भागात पण पाणी शिरलं होतं, यमगर्णीला हायवे बंद पडला होता. त्यात बुडालेल्या गाड्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा आणि आतल्या पट्ट्याचा वास घ्या, चिखलाची रेघ तिथं राहते कारण धुणारा तिथपर्यंत जात नाही. स्टेपनीचा खड्डा बघा, सीटखालच्या रेल्सचा गंज बघा, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखं साठलंय काय बघा.

पुराचं पाणी नसलं तरी पावसाचं असतंय. माझी आधीची गाडी, ती पण सेकंडहँडच, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात फिरायची. पॅनोरॅमिक सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी खाली जायला बारीक नळ्या असतात, त्या पाल्यानं तुंबलेल्या. विकणाऱ्यानं कार्पेट वरून सुकवून, परफ्यूम मारून दिली होती. दुसऱ्या पावसाळ्यात एक दिवस गाडीनं डिस्प्लेवर एकामागून एक वॉर्निंग दाखवायला सुरुवात केली, कार्पेट उचललं तर खालचा फोम स्पंजासारखा भरलेला आणि सीटखालचा मॉड्यूल, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स, पाण्यात. ते बिल आठवलं की अजून राग येतो. म्हणून आता कुठल्याही गाडीत मी पुढच्या दोन्ही बाजूंना कार्पेटखाली हात घालतो, आणि परवानगी घेऊन सनरूफच्या कोपऱ्यात अर्धा तांब्या पाणी सोडून चाकाजवळ खाली पडतंय काय बघतो.

गाडीतले फॉल्ट वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. बेळगावात उद्यमबागेतला माझा मित्र सोबत येतो, तो फक्त इंजिन बघत नाही, सगळे मॉड्यूल वाचतो. किलोमीटर बऱ्याच गाड्यांत मीटरशिवाय दुसऱ्या मॉड्यूलमध्ये पण साठवलेले असतात, मागं फिरवलेले असतील तर तिथं आकडा जुळत नाही. आणि एकही फॉल्ट नाही म्हणून लगेच खुश होऊ नका, आदल्या दिवशी पुसून ठेवले असतील तर गाडीच्या सेल्फ टेस्ट अर्धवट दिसतात, ते विचारून घ्या. चेसिस नंबरवरून ऑथोराइज्ड वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्ट्री काढायला मालकालाच सांगा. नाही म्हणाला तर समजून जावा.

गिअरबॉक्समध्ये 'लाइफटाइम ऑइल' असतंय, बदलायचं नसतंय असं हमखास सांगतात. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बऱ्याच लग्झरी गाड्यांत आहे, आणि खुद्द झेडएफच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या आसपास ऑइल बदला म्हणते. लाखावर पळालेली असेल तर बदलल्याचं बिल मागा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इंजिनची ताकद चारी चाकांना जाणाऱ्या गाडीत चार टायर चार प्रकारचे असतील तर ती ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर लोड येतो, हळू वळवताना झटके देते काय बघा.

टेस्ट ड्राइव्ह बेळगावच्या कॅम्पातून एक फेरी मारून होत नाही. जमलं तर चोर्ला घाटाकडं न्या, उतारावर ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतंय काय ते तिथंच कळतंय.

कागदाचं तर आपल्या भागात वेगळंच आहे, कारण अर्धे पाहुणे पलीकडं महाराष्ट्रात आणि स्वस्त गाडी नेहमी कोल्हापूरची एमएच-०९ नाहीतर दिल्लीची मिळते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचा आदेश आला तेव्हापासून तिथल्या गाड्या इकडं स्वस्तात येतात. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची म्हणजे बेळगावचा केए-२२ नाहीतर चिकोडीचा केए-२३ नंबर करून घ्यावा लागतो, आणि कर्नाटकात २० लाखावरच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स १८ टक्के. तो तुम्ही दिलेल्या २२ लाखावर नाही, नव्या गाडीच्या किमतीवरून धरतात, वयाप्रमाणे कमी होऊन सुद्धा उरतो तो लाखांतच. पहिल्या राज्यातला रिफंड मिळतो पण त्याला वेळ लागतो आणि हेलपाटे असतात. आरटीओची एनओसी, बँकेचं लोन असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, थकलेली दंडाची चलनं, हे सगळं पैसे द्यायच्या आधी बघा. आणि मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी इन्शुरन्सची सूट, मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, तेव्हा इन्शुरन्सचा हिशेब नव्यानं धरा.

भावानं कोल्हापूरची गाडी सोडली. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी, चालतंय. आता टिळकवाडीत एक केए-२२ बघून ठेवलीय, एकच मालक, बिलांची फाईल आहे म्हणे. मंगळवारी सहाला जाणार आहोत, मालकाला सांगून ठेवलंय, काका, सोमवारी रात्री गाडी लावली की परत हलवू नका.