तुम्ही विचारलंत म्हणून: कॉमेंट्री ऐकून मनातलं कसं कळतं?

वंश, माध्यमं आणि खेळ यांच्या अभ्यासात मनोविश्लेषण कशाला, कॉमेंट्री ऐकून बोलणाऱ्याच्या मनातला वर्णद्वेष कळतो का, असं नाशिकमध्ये हमखास विचारलं जातं. नाही कळत. आम्ही एका माणसाचं मन तपासत नाही. सगळ्यांच्या तोंडी आपोआप येणारे शब्द तपासतो.

मार्टिनिक या कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या फ्रान्झ फॅनन या मनोविकारतज्ज्ञाने १९५२च्या पुस्तकात एक प्रयोग सांगितलाय. सुमारे ५०० गोऱ्या लोकांपुढे इतर शब्दांच्या ओघात ‘निग्रो’ हा शब्द टाकायचा आणि पटकन काय सुचतं ते टिपायचं. ताकदवान, बॉक्सर, जो लुई, जेसी ओवेन्स (दोघे कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडू) अशी उत्तरं आली; त्यांच्याच रांगेत रानटी, जनावर, पाप. कौतुक आणि भीती एकाच दावणीला बांधलेली. म्हणून शिवीइतकीच स्तुतीही मोजावी लागते.

मोजायचं कसं? सामना रेकॉर्ड करून कॉमेंट्री शब्दशः उतरवायची. खेळाडूचं एक वर्णन म्हणजे एक नोंद. नावं झाकायची. मग दोघांनी वेगवेगळं बसून ठरवायचं: हे वर्णन शरीराचं, डोक्याचं की मेहनतीचं? दोघांचा मेळ ‘कॅपा’ (kappa) नावाच्या आकड्याने तपासतात. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग. आकडा खाली आला की बहुतेक वेळा व्याख्याच ढिली असते. ‘चपळ’ शरीरात धरायचं की कौशल्यात, हे आधी लिहून ठेवलेलं नसतं. दुसरी चूक काळ्या-गोऱ्या खेळाडूंच्या वर्णनांची तुलना करताना होते; ती याहून महागात पडते. फुटबॉलमध्ये विंगरला, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्या खेळाडूला, ‘वेगवान’ म्हणणारच, ते त्याचं कामच आहे. त्याची तुलना विंगरशीच करायची, गोलकीपरशी नाही.

आपल्याकडे फॅनन जसाच्या तसा लावता येत नाही. इथे जात आणि आदिवासीपण मध्ये येतं. पण नोंदी करण्याची पद्धत चालते. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी धावपटू, ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ कविता राऊत यांनी २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. त्यांच्यावरचं एखादं कात्रण घ्या आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण ते बघा. डोंगर, पाडा, अनवाणी पाय एका रंगाने अधोरेखित करा. सराव, प्रशिक्षण, शर्यतीचे डावपेच दुसऱ्या रंगाने. ही शर्यत ४०० मीटरच्या २५ फेऱ्यांची असते. कुठल्या फेरीला वेग धरायचा, कुणाच्या मागे राहायचं, शेवटचा जोर कधी लावायचा, हे सगळं धावपटू धावता धावता ठरवते. त्यातलं कात्रणात किती उतरलंय?