आंबे मागे, माणसंही मागे

मे महिना, वळवाची सर येऊन गेलेली. कोकणातल्या एका छोट्या एअरपोर्टवर मी लोडशीट बनवतो, म्हणजे विमानात कुठे किती वजन आहे आणि त्याचा तोल नेमका कुठे येतो ते काढून कॅप्टनला द्यायचं. विमान एटीआर 72, पंख्याचं, लांबी 27 मीटर. माणसं मागच्या दाराने चढतात, सामानाचे कप्पे म्हणजे होल्ड दोन, एक कॉकपिटच्या मागे आणि एक शेपटीत, म्हणून लोडिंग चालू असताना शेपटीखाली स्टँड लावतात, नाहीतर विमान बुडावरच बसायचं.

त्या दिवशी पॅसेंजर फक्त 26, आणि दार मागे म्हणून बहुतेकांनी मागच्याच सीटा घेतलेल्या. म्हणूनच तर देवगडच्या हापूसच्या 24 पेट्या, काट्यावर 480 किलो, मी पुढच्या होल्डात लिहिल्या होत्या. सही घ्यायला विमानापाशी गेलो तर पुढचा होल्ड रिकामा! सामान चढवणाऱ्या काकांना विचारलं,

"काका, पेट्या?"

"पावस इलो, मागचा दार जवळ पडला, म्हणान थंयच टाकलंय. वजन तेवढाच असा मां?"

वजन तेवढंच, हो. पण आकडे परत टाकले तर तोलाचा बिंदू ग्राफवरच्या चौकटीच्या, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या, मागे, बाहेर. पुढे जड असलं तर नाक उचलायला जोर लावावा लागतो, धावपट्टी जास्त खाते, ते एकवेळ कळतं तरी. मागे जड असलं की नाक आपोआप वर जायला बघतं, थोडंसं ओढलं तरी भसकन उठतं, आणि स्टॉल झालंच, म्हणजे पंखांची उचल तुटलीच, तर नाक खाली आणणं महाकठीण. त्यात नाकाचा कल सांभाळणारी सेटिंग, म्हणजे ट्रिम, कॅप्टन लावणार माझ्या कागदावरून, म्हणजे चुकीचीच. 2003 मध्ये अमेरिकेत शार्लटला 21 जणांचं छोटं विमान टेकऑफलाच पडलं, शेपटीकडे वजन जास्त आणि वर एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) केबल चुकीची बसवलेली, ते ट्रेनिंगपासून डोक्यात आहे.

काकांनी पूर्वी ट्रॉलरवर काम केलेलं. म्हटलं, होडीत सगळं जाळं मागच्या टोकाला टाकलं तर? "मगे नाक वर करून बसतली ती," म्हणाले, आणि पुढे काही न बोलता स्वतःच पहिली पेटी उचलली.

कॅप्टनला सांगितलं, ते फक्त "करा" म्हणाले. नवीन शीट काढली, बिंदू चौकटीत आला. 14 मिनिटं उशीर. रजिस्टरात कारणासाठी एकच ओळ असते, मी लिहिलं: आंबे.