नासरेथ ते कफर्णहूम, पायी

नासरेथच्या जुन्या बाजारामागून डोंगरावर जाणाऱ्या सुमारे 400 पायऱ्या चढून मी माथ्यावर पोहोचले, तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते. खाली, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या जागेवर उभ्या असलेल्या बॅसिलिकेचा घुमट आदल्या रात्रीच्या पावसाने धुऊन निघाला होता. 2019 चा मार्च महिना होता. पाठीवर एक पिशवी होती, तिच्यात बायबलची जुनी मराठी प्रत, आणि पुढे गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमपर्यंतची सुमारे 65 किलोमीटरची वाट होती. माओझ इनोन आणि डेव्हिड लँडिस या दोघा पदभ्रमंती करणाऱ्यांनी ही वाट 2007 मध्ये आखली. दगडांवर रंगवलेले नारिंगी ठिपके पाहत चार दिवस चालायचे असते. मी वसईच्या ख्रिस्ती कोळ्याची मुलगी. ज्या माणसांपासून आमचा धर्म सुरू झाला ती कुठल्या घरांतून उठून बाहेर पडली, हे मला पायी चालून पाहायचे होते.

आजचे नासरेथ हे गजबजलेले शहर आहे, पण येशूच्या काळी ते इतके लहान होते की जुन्या करारात त्याचे नाव एकदाही येत नाही. 2009 मध्ये बॅसिलिकेजवळ त्या काळातल्या एका साध्या घराच्या भिंती सापडल्या. आदल्या संध्याकाळी मी बॅसिलिकेच्या आवारात उत्खननात उघड्या झालेल्या धान्याच्या खोदीव बळदांपाशी बराच वेळ उभी होते, आणि मार्कच्या शुभवर्तमानातली, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या त्याच्या पुस्तकातली, ती ओळ मनात घोळत होती, जिथे गावकरी चिडून विचारतात की हा मरियेचा मुलगा आणि याकोब, योसे, यहूदा व शिमोन यांचा भाऊच ना? यांपैकी याकोब पुढे यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचा प्रमुख झाला. इ. स. 62 मध्ये त्याला दगडमार करून मारण्यात आले, असे जोसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो, आणि त्याची ओळख देताना तो ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ’ अशीच देतो. आमच्या चर्चमध्ये पेत्र आणि पौल या प्रेषितांविषयी लहानपणापासून ऐकले. याकोबाविषयी फारसे कोणी बोलले नाही, याची खंत मला त्या बळदांपाशी पहिल्यांदा वाटली.

नासरेथहून पाच-सहा किलोमीटरवर सेप्फोरिस लागते. इसवी सनापूर्वी 4 मध्ये हेरोद राजा वारला, तेव्हा इथे उठाव झाला, आणि रोमी सरदार वारुसच्या सैन्याने हे शहर जाळून रहिवाशांना गुलाम केले. हेरोदाचा मुलगा अंतिपास याने ते पुन्हा थाटामाटात बांधायला घेतले, ते येशूच्या बालपणीच. येशूच्या धंद्यासाठी शुभवर्तमानात जो ‘तेक्तोन’ हा ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ केवळ सुतार एवढाच नाही, तर लाकडात आणि दगडात बांधकाम करणारा कारागीर असाही होतो. त्यामुळे योसेफ आणि येशू याच शहरात कामाला येत असतील, असे अनेक अभ्यासकांना वाटते. शुभवर्तमानांत मात्र सेप्फोरिसचा उल्लेखच नाही. येशू उपदेश करीत हिंडला तो खेड्यांतून आणि सरोवराकाठच्या गावांतून. अंतिपासच्या या श्रीमंत शहरात तो बोलल्याची एकही नोंद नाही, आणि मला हे मौन फार अर्थपूर्ण वाटते.

काना गावात मुक्काम केला. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या इथल्या लग्नाच्या गोष्टीत योहान सहा दगडी रांजणांचा उल्लेख करतो. माती विटाळते पण दगड विटाळत नाही, या यहुदी शुद्धतेच्या नियमामुळे अशी भांडी वापरली जात. गावाजवळच्या टेकडीत चुनखडकातून अशी भांडी कोरण्याचा कारखानाही सापडला आहे. दुसऱ्या दिवशी चिखल फार होता. तिसऱ्या दिवशी हत्तीनची जोडशिंगी टेकडी ओलांडली, जिथे 1187 मध्ये सलाह-उद-दीनने क्रूसयोद्ध्यांचा पराभव केला. तिथे मी थांबले नाही, कारण मला हवा होता तो काळ त्याहून अकराशे वर्षे जुना होता. उतारावर मोहरी माझ्या खांद्यापर्यंत वाढली होती आणि पिवळी फुले अंगाला लागत होती. मोहरीच्या दाण्याचा दाखला मी शेकडो वेळा ऐकला होता, पण ते झुडूप अंगाने ओलांडण्याचा अनुभव पहिलाच.

अर्बेलच्या कड्यावरून चौथ्या दिवशी सकाळी गालील सरोवर दिसले. त्याला समुद्र म्हणतात खरे, पण ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे, सुमारे 21 किलोमीटर लांब आणि समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 210 मीटर खोल जागी. खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्या धरून खाली उतरताना हात थरथरत होते.

कड्याच्या पायथ्याशी, पाण्याला लागून मग्दाला आहे. या गावाचे ग्रीक नाव तारिखेया, म्हणजे मासे खारवण्याची जागा. हे मी वाचले होते, पण तिथे उभी राहिले तेव्हा मला माझी आई आठवली, पहाटे मासे चिरून मिठाचे थर देणारी, बोटांच्या चिरांत मीठ गेले तरी हात न थांबवणारी. येशूची शिष्या मरिया मग्दालिया याच गावची. लूक सांगतो की ती, हेरोद अंतिपासच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने येशूची आणि शिष्यांची सेवा करीत. म्हणजे ही चळवळ ज्या भाकरीवर चालत होती, ती भाकरी या बायकांच्या गाठीची होती. चारही शुभवर्तमानांत येशूच्या रिकाम्या कबरीपाशी मग्दालिया आहे. तरीही 591 मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूकमधल्या पापी स्त्रीशी एक करून टाकले आणि ती ओळख तिला शतकानुशतके चिकटली. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. आमच्या वस्तीत मासळी विकून घर चालवणाऱ्या बायकांना लोक काय काय बोलतात हे मी ऐकत मोठी झाले आहे, म्हणून मला हा उशीर लहान वाटत नाही.

2009 मध्ये इथे यात्रेकरूंच्या निवासासाठी पाया खोदताना पहिल्या शतकातले सभास्थान निघाले. त्यात सात फाट्यांची दीपमाळ कोरलेला दगड होता. यरुशलेमचे मंदिर उभे असतानाचे हे सभास्थान. येशू तिथे आला असेलही. तो दगड पाहताना एक गोष्ट मला डोळ्यांनी कळली: येशू, मरिया, पेत्र, याकोब ही सगळी माणसे यहुदी म्हणून जन्मली, यहुदी म्हणून जगली, आणि ‘ख्रिस्ती’ हे नाव त्यांच्या अनुयायांना प्रथम दूर अंत्युखियात मिळाले.

गिन्नोसारला 1986 च्या दुष्काळात चिखलातून निघालेली त्या काळातली होडी ठेवली आहे, सुमारे सव्वाआठ मीटर लांब. तिच्यात बारा जातींचे लाकूड आहे, जुन्या होड्यांचे तुकडे जोडून डागडुजी केलेले. माझे बाबा पागाची एक कड दातांत धरून गुडघाभर पाण्यात उभे राहत आणि जाळे गोल फेकत. शिमोन, म्हणजेच पेत्र, आणि अंद्रिया येशूला भेटले तेव्हा ते असेच फेकजाळे टाकत होते, असे मार्क म्हणतो. याकोब (येशूचा भाऊ तो वेगळा) आणि योहान यांनी मात्र आपला बाप जब्दी याला होडीत मजुरांबरोबर सोडले. मजूर ठेवणारा कोळी म्हणजे अगदी कफल्लक नव्हे. त्या पोरांनी चालता धंदा सोडला.

कफर्णहूमला दुपारी तीन वाजता पोहोचले. आवारात काळ्या दगडाचे तेलाचे घाणे मांडले आहेत. ते पाहून कोकणातले शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी बेने इस्राएल, आपले शनवार तेली, आठवले. जवळच पेत्राचे मानले जाणारे घर आहे. 1968 पासूनच्या उत्खननात आठकोनी चर्चखाली काळ्या दगडांच्या खोल्या सापडल्या, गळ सापडले, आणि पहिल्या शतकाच्या अखेरीस एकाच खोलीला चुन्याचा गिलावा दिलेला दिसला, पुढे भाविकांनी त्यावर प्रार्थना खरडल्या. पौल कधी या अंगणात आल्याची नोंद नाही. तो शहरांचा माणूस. पण धर्मांतरानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला जाऊन केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, 15 दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटला, हे त्याने गलतीकरांना स्वतः लिहिले आहे. त्या 15 दिवसांत त्याने या घराविषयी विचारले असेल, असे मला वाटते.

त्या घरावर उभारलेल्या नव्या चर्चच्या काचेच्या जमिनीतून मी खाली पाहत होते. याच घरात पेत्राची सासू तापाने पडली होती, म्हणजे त्याची बायकोही इथेच नांदत होती. तिचे नाव कुठेच नाही. पण करिंथकरांना लिहिताना पौल सहज सांगून जातो की केफा प्रवासात पत्नीला बरोबर नेतो. आवार बंद होण्याची सूचना झाली तेव्हा मी बाहेर येऊन कठड्यावरून त्या खोलीच्या उंबऱ्याचा काळा दगड पाहिला आणि ती नेमकी कोणत्या वाटेने निघाली असेल ते शोधत सरोवराकडे गेले.